सतरावं बूच

खट्. नोझल पुन्हा बंद पडलं.

पेट्रोल पंपावर गाड्या भरणाऱ्या राजश्रीताईने हँडल सोडलं, थोडं थांबून पुन्हा दाबलं. भसकन फेस वर आला आणि परत खट्. मागे आठ-दहा गाड्या, त्यातला एक टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. आणि केबिनच्या दारात मॅनेजर, हातात माझं पत्रक.

"तुम्हीच लिहिलंय ना? मालकांनी वाचलं. उद्यापासून हिला बंद करा म्हणाले."

पत्रक माझंच होतं. मालवणात माझं टू-व्हीलर गॅरेज आहे आणि वर ग्राहक चळवळीचं काम. कॉलेजपासून पत्रकं लिहितो. पेट्रोल हा आपल्या पैशाचा माल आहे, कुणाचा उपकार नव्हे, हे मी आजही छातीठोक सांगेन. त्या पत्रकाचा मथळा होता, 'पंपावरची लूट थांबवा!' खाली लिहिलं होतं की संध्याकाळच्या पाळीतले कर्मचारी मुद्दाम नोझल तोडून तोडून भरतात. नाव घातलं नव्हतं. पण संध्याकाळच्या पाळीला त्या पंपावर एकटी राजश्रीताईच असते. हे मला ठाऊक होतं. तरी छापलं.

तक्रार बाबीकाकांची होती. बाबीकाका तारकर्लीचे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. त्यांच्याकडे एक जुनी, बैलासारखी थोराड टूरिंग मोटरसायकल आहे. तिच्यावरून ते देवगडला लेकीकडे जातात. "ती बाई माका अर्धो तास उभो करता," ते म्हणाले. ते संतापले, मीही संतापलो आणि प्रेसमध्ये गेलो. मध्ये तपास म्हणून काही असतं, ते राहिलंच.

त्या संध्याकाळी ती मोटरसायकल मीच घेऊन गेलो होतो, पुरावा गोळा करायला.

"रे, ह्या एकाच गाडयेक असा होता," राजश्रीताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. "दुसऱ्या खंयच्याच नाय. माका हातात कळता. पेट्रोल आत जाता, पण आतली हवा भायर येणा नाय."

"हातात कसं कळेल, ताई?"

"तुका पाना धरल्यावर कळता ना नट कितको घट्ट आसा तो? तसाच."

मी मॅनेजरकडे वळून म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. तोवर तिला काढायचं नाही."

"आणि तुमचंच चुकलेलं निघालं तर?"

"तर तेही छापीन."

पत्रकाच्या आधी करायला हवं होतं ते मग केलं. त्याच नोझलने माझ्या स्कूटरची टाकी भरून घेतली. कुठे अडलं नाही. म्हणजे नोझल निर्दोष.

सकाळी गाडी गॅरेजमध्ये उघडली. पंपाच्या नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल वर चढून त्या भोकाला लागलं की टाकी भरली असं समजून नोझल आपोआप बंद होतं. टाकी रिकामी असताना पेट्रोल वर का चढेल? तर आतली हवा बाहेर जात नसेल म्हणून. पाण्याची बाटली उलटी केली की कशी गुडगुड करत अडते, तसं. या गाडीची टाकी सीटखाली आहे आणि भरायचं तोंड वर, लांब. म्हणून टाकीच्या माथ्यावरून तोंडापर्यंत एक वेगळी बारीक नळी दिलेली असते. पेट्रोल जाड नळीने खाली, हवा बारीक नळीने वर.

बारीक नळी काढून फुंकली. साफ. नवी लावली, कॅनमधून पेट्रोल ओतलं, तरी गुडगुड तशीच. मग नळी ज्या तोटीवर बसते त्या तोटीत, टाकीच्या बाजूला, बॅटरी मारून पाहिलं. आत काहीतरी पिवळसर. गंज असा दिसत नाही. माशीने केलेलं मातीचं घरही नव्हे. चिमट्याने धरून पिळत पिळत ओढलं.

पक्.

तळहातावर फणसाच्या लाकडाचं बूच होतं. नखाएवढं. एका टोकाला किंचित निमुळतं, भोवती सुती दोऱ्याचा एकच वेढा. सुरीची खूण कुठे दिसेना. महिनोन्महिने पेट्रोलच्या वाफेत राहून ते ना सैल झालं होतं, ना फुटलं होतं. मी दिवसभर कारखान्यात बनलेले रबरी सील बसवतो आणि त्यातले निम्मे गळतात. हे कुणीतरी हाताने, नजरेच्या मापावर कोरलं होतं. ते जपून बाजूला ठेवलं आणि बाबीकाकांना बोलावून घेतलं.

बाबीकाका आले, त्यांनी ते पाहिलं आणि जवळच्या टायरवर बसकण मारली.

"ह्या खंय गावला तुका?"

"तुमच्या टाकीत."

"अरे देवा! सतरावा!"

पावसाळ्यात होडी वर ओढली की बाबीकाका इंजिनाच्या प्रत्येक नळीच्या तोंडात बूच मारतात. खारा वारा आत जाऊ नये, कुंभारीण माशीने मातीचं घर करू नये म्हणून. सगळी बुचं स्वतः कोरलेली. नारळी पौर्णिमेला ती काढून देवापुढे मोजायची आणि मगच होडी पाण्यात लोटायची, ही त्यांच्या घरची रीत. यंदा सतरा कोरली होती, मोजताना सोळाच भरली.

"दोनदा इंजिन खोललंय रे. देवाक गाऱ्हाणा घातलंय. तरी समुद्रात गेलंय तेव्हा जीव थाऱ्यार नव्हतो. आणि ह्या हडे!"

होडीसोबत मोटरसायकलही मांगरात, म्हणजे शेडमध्ये, उभी होती. नळी निसटून उघडी पडलेली टाकीची तोटी दिसली आणि काकांचा हात गप्प राहिला नाही. बूच मारलं, वरून नळी परत चढवली, विसरले. टाकीच्या टोपणाला हवेसाठी वेगळं भोक आहे, त्यामुळे गाडी चालताना कधी अडली नाही. अडायची ती फक्त पंपावर.

"म्हणजे नारळी पौर्णिमेपासूनच हा त्रास?"

"होय तर."

हा प्रश्न मी आधी विचारला असता तर पत्रकच निघालं नसतं.

संध्याकाळी पंपावर गेलो. राजश्रीताईने नोझल लावलं, हँडल दाबलं आणि पेट्रोल सलग आत गेलं. तिने मीटरकडे पाहिलंच नाही. मान किंचित कलती करून ती हातातून ऐकत होती. भरत आल्यावर, नोझल खट् करण्याच्या क्षणभर आधी, तिने स्वतःच हँडल सोडलं. कष्टकऱ्यांच्या कौशल्यावर मी कितीतरी पत्रकं लिहिली आहेत. कौशल्य पाहिलं ते तेव्हा.

"बघ," ती म्हणाली, "मोकळी झाली."

मॅनेजर म्हणाला, "बरं, राहू दे हिला."

"'राहू दे' नाही. चूक पत्रक लिहिणाऱ्याची, असं मालकांना माझ्यासमोर सांगा."

त्याने फोन लावला आणि सांगितलं.

दुसरं पत्रक मी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापलं आणि पहिल्याच्या वरच चिकटवलं. पहिली प्रत राजश्रीताईला दिली. तिने रांगेतल्या गाड्यांना थांबवून ती पूर्ण वाचली.

"माझा नाव खंय आसा?"

"मुद्दाम नाही घातलं, ताई. उगाच चर्चा नको म्हणून."

"पयल्या कागदात नाव नव्हता, तरी सगळ्या मालवणाक कळला. आता चांगला लिवलंस तर नाव घाल."

पुन्हा छापलं. नावासकट. आता गॅरेजमध्ये कुणी कसलीही तक्रार घेऊन आला, की मी आधी कधीपासून ते विचारतो आणि मग नळीत फुंकून बघतो. पेन त्यानंतर.