निळे दाणे

ही गोष्ट मी वर्षानुवर्षे टाळली. बायकोलाही सांगितली नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतरचा एक पावसाळा. भंडाऱ्याच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होतो. सिहोऱ्याची एक मुलगी माझ्याकडे संशोधन करी. दोन रेणू एकमेकांना अगदी हलके धरून असतात. तसे धरले की त्यांची थरथर किंचित मंदावते आणि अवरक्त प्रकाशाच्या आलेखात ते दिसते. ते हलके धरणे तिला दाखवायचे होते.

त्यासाठी पदार्थ एका क्षारात घोटून, दाबून काचेसारखी पातळ चकती करायची. क्षार हवेतली ओल ओढतो, आणि पाण्याची खूण आलेखात नेमकी त्याच जागी उमटते. म्हणून चकती झाकणाच्या काचपात्रात, खाली सिलिकाचे निळे दाणे. ओल लागली की ते गुलाबी होतात. आलेख काढायचे यंत्र नागपूरला होते, त्यावर आमचा नंबर महिनोन्‌महिने लागत नसे.

तो लागला, तेव्हा नागपूरला जायच्या आदल्या संध्याकाळी पाहुण्यांपुढे मिरवायला मी पात्र उघडले आणि झाकण अर्धवट सरकलेले तसेच सोडून गेलो. सकाळी दाणे गुलाबी. ती यायच्या आत मी ते काढून नवे निळे भरले.

तिने चकती उजेडात धरली. "सर, धूसर वाटून राहिली जी."

"दाणे निळे आहेत ना? आधी चष्मा पूस."

ती हसली, चष्मा पुसला आणि बसस्टँडकडे गेली. नवी चकती करण्याइतका वेळ होता. मी सुचवले नाही.

आलेखात पाण्याचा रुंद खड्डा आला. तिचे सगळे त्यात बुडाले. शिष्यवृत्तीच्या समितीने मला विचारले, "मुलगी निष्काळजी आहे का?"

"जरा घाई करते," मी म्हणालो.

शिष्यवृत्ती बंद झाली. तिचे संशोधन तिथेच संपले.

पुढे ती तुमसरला शाळेत शिकवू लागली. निवृत्तीनंतर एकदा मी ठरवून तिच्या घरी गेलो.

"एवढ्या उन्हात कायले आले जी, सर?" म्हणत तिने पंखा माझ्याकडे वळवला. चहा देताना म्हणाली, "पोट्ट्यायले आजबी सांगत असते, झाकण नीट लावा. माझ्या हातानं ओल लागली, तुमचं नाव खराब झालं. माफ करजा."

मी कपात बघत म्हणालो, "साखर जरा जास्त झाली."

गेल्या वर्षी ती वारली. तिच्या घरी गेलो त्या दिवशी मी वाक्य पाठ करून नेले होते: झाकण मी उघडे ठेवले, दाणे मी बदलले, पोरी, मला माफ कर.