वसंतकाकाची रविवारची शिकार

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालाडला ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. पहिल्यांदा मी तो कापला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा बाहेर येऊन घेतला... महिना होत आला त्याला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. मूळचा मालवणकडचा, निवृत्त कारकून, बोरिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटा राहायचा. लग्न केलं नाही. वेड एकच: ओहोटीला गोराईच्या खाडीत उतरून चिखलातल्या बिळांमधून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायच्या. याला तो शिकार म्हणायचा आणि आम्ही हसायचो. रविवारी ओहोटीची वेळ बघून तो जिन्यात उभा राहून पोरांना हाक मारायचा, "येतास काय रे शिकारीक?" पोरं मोबाइल टाकून धावायची आणि आया कपड्यांचे हाल बघून बोटं मोडायच्या. जो खातो त्याने एकदा तरी स्वतः पकडून बघावं, असं त्याचं म्हणणं. पोटाशी अंडी असलेली मादी मात्र मुकाट सोडून द्यायची, त्यात कुणाची गय नाही. मलाही लहानपणी त्याने नेलं होतं. मी चपला हातात घेऊन बांधावर उभा राहिलो, दुसरं काय!

माझी मुलगी इरा माझ्यावर गेली नाही. अकराव्या वर्षी ती गुडघाभर चिखलात उतरली. बिळापाशी बिचकली तेव्हा काका म्हणाला, "ती तुका खाऊक नाय इली गो, तू तिका खाऊक इलंस. घाबरूचा तिने." त्यानंतर इराचा एकही रविवार चुकला नाही. आणि एकदा एका चिंबोरीने नांगीत तिचं बोट धरलं. दोन टाके पडले. रडली नाही, पण माझं डोकं फिरलं. गेटवर, सगळ्यांदेखत मी काकाला म्हणालो, "तुला स्वतःची पोरं नाहीत, तुला काय कळणार!"

पुढच्या रविवारी जिन्यात हाक आली नाही. नंतर कधीच आली नाही. पाच वर्षं तो एकटा जात राहिला. आमच्याकडे डबा पाठवायचा, माझ्याशी नेहमीसारखा बोलायचा. माफी मागायची मला रोज सुचायची आणि रोज राहायची. शेवटच्या आजारपणात उशाशी बसलो होतो, तर त्याने विचारलं, "बोट बरां झालां मां तिचां?" मी म्हटलं, "केव्हाच, काका." तेव्हाही माफी मागितली नाही.

परवा त्याची खोली आवरताना न राहवून मी इराला म्हणालो, "तुझी आवड माझ्यामुळे सुटली गं."

"सुटली नव्हती बाबा. मी त्याला खूपदा विचारलं, मला ने म्हणून. तो म्हणायचा, आधी बापाशीक इचार."

"मग विचारलं का नाहीस?"

ती त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"तू हो म्हणाला असतास," ती म्हणाली. "पण तू त्याला गेटवर जे बोललास ना, ते मी ऐकलं होतं. मला तुझ्याकडून काहीच मागायचं नव्हतं."