लतिकाच्या कॉम्प्युटरमधला खबऱ्या

आचोळ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लतिका माझ्या समोरच्या दारात राहायची. घरच्या कॉम्प्युटरवर शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. नवरा जितेंद्र अंधेरीला नोकरीला, मुलगी आर्या शाळेत. तो तिला मारायचा, पट्ट्याने, हाताला लागेल त्याने. एकदा कुकरच्या झाकणाने भुवई फोडली आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवर भाषण ठोकलं. मेल्याला लाज म्हणून नाही!

मारताना तो तिचीच वाक्यं म्हणायचा. ‘मी आर्याला घेऊन निघून जाईन’ हे तिने बहिणीला, दिशाला, मेलमध्ये लिहिलेलं. मनातलं ती आणखी फक्त मला सांगायची, म्हणून तिला वाटलं मीच त्याचे कान भरते. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मला भयंकर राग आला.

मग तिने एक खोटंच टाइप केलं, ‘रविवारी चांदीपला मामांकडे जाते’. मेल पाठवला नाही, पुसून टाकला. शनिवारी जितेंद्रने तिची बोटं दारात चेंगरली. म्हणाला, “जा आता चांदीपला.”

सुजलेला हात घेऊन ती माझ्याकडे आली. “ताई, सांगणाऱ्या तुम्ही नव्हता. कॉम्प्युटर सांगतो त्याला.”

आम्ही माझ्या मोबाइलवर फुकटचे अँटीव्हायरस शोधले. ‘तुमच्या कॉम्प्युटरला धोका!’ म्हणून बोंबलणारी जाहिरात मी दाबणार, तोच तिने हात धरला. “फुकट म्हणून काहीही घरात घ्यायचं का? एक चोर आहे तेवढा पुरे.” कॉम्प्युटरमध्ये मुळातच असलेलं संरक्षण जितेंद्रने बंद करून ठेवलं होतं. दुसरं, फुकटच पण नावाजलेलं, तिने बनवणाऱ्यांच्याच साइटवरून माझ्या लॅपटॉपवर उतरवलं आणि पेन ड्राइव्हने नेलं. सगळं माऊसने केलं, एक अक्षर टाइप केलं नाही. खबऱ्या सापडला. दाबलेलं प्रत्येक अक्षर तो जितेंद्रच्या मोबाइलवर पोचवत होता. काढून टाकायचं बटण समोर होतं.

“दाब!” मी ओरडले.

“नको. खबर थांबली की त्याला कळेल. मग तो मला जिवंत ठेवणार नाही.”

तिने स्क्रीनचा फोटो काढला आणि पोलिसांत तक्रार दिली. घर सोडून निघायच्या दिवशी दुपारपर्यंत दुखऱ्या बोटांनी इतिहासाची प्रश्नपत्रिका टाइप करत बसली, त्याला सगळं नेहमीसारखं दिसावं म्हणून. मग आर्याला शाळेतून घेऊन परस्पर दिशाकडे गेली. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी रडले.

संध्याकाळी जितेंद्रने घरातलं सामान फोडलं. मग माझ्या दारात आला, केस धरले आणि डोकं ग्रिलवर आपटलं. “कुठे लपवलीस तिला? बोल!” पुन्हा आपटलं. तोंडात रक्त आलं, दात हलला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त आनंद होत होता.

“मला काय विचारतोस?” मी म्हटलं. “विचार तुझ्या कॉम्प्युटरला.”