डबा सोडला तेव्हा

मी तापट आहे, हे आधीच सांगतो. आमच्या पेठेत त्याला रग म्हणतात आणि वर तिचं कौतुकही करतात.

मुलगी नऊ वर्षांची. तिला वरचेवर दम लागायचा, म्हणून डॉक्टर म्हणाले, पोहायला घाला, त्यासारखा व्यायाम नाही. तलावावर नाव घातलं. दोन महिने झाले तरी बाईसाहेब उथळ पाण्यातून पुढे सरकेनात. तिच्यापेक्षा लहान पोरं खोल पाण्यात सूर मारायची आणि मी काठावर बसून दातओठ खायचो. शिकवणारे सर म्हणाले, घाई करू नका, भीती तिची तिलाच जाऊ दे. मला ते पटलं नाही. आम्हाला कुणी विचारलं होतं? चुलत्यानं पाठीला डबा बांधून विहिरीत फेकलं, विषय संपला.

एका रविवारी तिला घेऊन त्याच चुलत्याच्या मळ्यात गेलो. तेलाचा रिकामा, तोंड पक्कं बंद केलेला पत्र्याचा डबा तिच्या पाठीला दोरीनं बांधला. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी तिला उचलून विहिरीत फेकलं आणि मागोमाग उडी टाकली.

सुरुवातीला नुसता आरडाओरडा. मग डब्यामुळं आपण बुडत नाही हे तिला कळलं आणि हातपाय मारत तिनं विहिरीची एक फेरी पुरी केली. तिथंच थांबायला हवं होतं. पण आमच्याकडे डबा सुटल्याशिवाय पोहणं धरत नाहीत, आणि तो सोडायचाही पोराला न सांगता. काठावरून चुलता म्हणाला, "सोड की आता. डब्यावर काय, दगूड बी तरंगंल."

मी मागून गाठ ओढली.

चार हात ती छान गेली. मग शेजारी सुटा डबा दिसला आणि तिनं वळून माझा गळा धरला. नखं मानेत रुतली, टाच पोटात बसली, दोघंही खाली गेलो. बुडणारा गळ्यात पडला तर त्याला मारून सोडवायचं, नाहीतर दोघंही जातात, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिचे हात सुटले. मग मी आणखी एक मारला.

केसांना धरून तिला वर आणलं. चुलत्यानं पायरीवर ओढून घेतलं. ओठ फाटला होता, नाकातून रक्त येत होतं आणि ती पाणी ओकत होती. चुलता म्हणाला, पोरं अशीच शिकतात. मी डबा पाण्यातून काढून दगडावर आपटून चेपवला आणि चुलत्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. स्वतःला घालायची हिंमत नव्हती.

परतीच्या वाटेवर ती स्कूटरवर मागे बसली होती, माझ्या कमरेला धरून. पहिल्या सिग्नलला तिनं विचारलं, "पप्पा, पहिल्यांदा मारलं ते कळलं. पण मी सोडलं होतं की तुम्हाला. मग परत का मारलं?"

खोटं बोलायला सिग्नलचा अख्खा वेळ होता.

"राग आला होता," मी म्हणालो.

तिनं माझ्या कमरेवरचे हात काढून घेतले आणि सीटची कड धरली. घरापर्यंत मी गाडी हळू चालवली.