वडाखालचं व्रत

शालनबाई राहायला दिव्याला, कामाला ठाण्यात. एकाच टॉवरमध्ये पाच घरची धुणीभांडी. बाराला तिसरं घर आटपायचं, चौथं उघडायचं थेट तीनला. मधले तीन तास बाईने काढायचे कुठे, सांगा! जिन्यात टेकलं की सिक्युरिटी उठवणार. समोर पालिकेची बाग, मधोमध चांगला डेरेदार वड, आणि गेटला कुलूप. सकाळी चालणाऱ्यांसाठी उघडी, संध्याकाळी फिरणाऱ्यांसाठी. दुपारी म्हणे झाडांना विश्रांती. झाडांना! आणि ही बाई चौदा वर्षं फुटपाथवर उभ्याने डबा खातेय, तिचं काय?

वटपौर्णिमेला मात्र टॉवरमधल्या बायकांसाठी गेट भरदुपारी उघडलं. शालनबाईही मागोमाग आत. दिव्यात ती दरवर्षी बाजारातली विकतची फांदी पुजायची. इथे अख्खा वड! सात फेऱ्या मारून ती सावलीत टेकली, आणि पाठ सुटली तसं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी बाराला सुताची गुंडी घेऊन गेटवर हजर.

"महिपतकाका, उघडा. सव्वा महिन्याचं व्रत धरलंय."

वॉचमन महिपतने डोकं खाजवलं. "नवऱ्यासाठी?"

"मग काय तुमच्यासाठी?"

देवाधर्माच्या कामात आडवं कोण येणार? कुलूप निघालं. आठवड्याने तिची मैत्रीण मंजुळा आली, मग आणखी बायका. हातात सूत, पिशवीत डबा. एक फेरी, मग भाकरी, मग घोरणं. सर आली की पलीकडच्या छपरीत. नवऱ्यांची आयुष्यं वाढली असतील, तर तो निव्वळ योगायोग.

सव्वा महिना सरला, व्रत सरेना. कुणीतरी तक्रार केली आणि बागेचे साहेब आले. पाहतात तो तीस बायका, निम्म्या झोपलेल्या.

"कसलं व्रत हे? कधी संपणार?"

मंजुळाने घाईघाईने सूत हातात घेतलं. शालनबाई पदर सावरून उठली.

"खरं सांगू साहेब? नवऱ्यासाठी नाही, पाठीसाठी धरलंय. दुपारचं गेट कायमचं उघडा, त्या दिवशी उद्यापन करते. तुम्ही जेवायला यायचं."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी कागद वर पाठवला. दोन महिने कागद हलला नाही, आणि बायकाही हलल्या नाहीत. शेवटी पाटी नव्याने रंगली: सकाळी सहा ते रात्री आठ.

उद्यापनाला पुरणपोळी होती. साहेब जेवले, महिपतने तर पाच हाणल्या. पंगत बघून तिसऱ्या घरच्या ऋतिकाताई गेटात थबकल्या.

"अगं शालन, तू इथे? मग इतकी वर्षं दुपारची कुठे असायचीस?"

"तुमच्याच खिडकीखाली, ताई," शालनबाई म्हणाली. "बसा, गरम वाढते."