गावाचं पाकीट

"ए नामा, तुझ्या लेकीचं इंग्रजी गेलं की रं."

सकाळचे सात. दूध डेअरीचा ओटा. चाळीसेक माणसं किटल्या घेऊन ओळीत उभी. ओळीत सातव्या नंबरला माझे वडील. त्यांच्या मागं मी, निकाल बघायला बारामतीची एसटी धरणार म्हणून निघालेली. ओट्यावर खुर्ची टाकून डेअरीचे चेअरमन बसलेले. मांडीवर खाकी पाकीट. हातात माझी बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मार्कलिस्ट.

ती मार्कलिस्ट मी अजून बघितलीही नव्हती.

वडील चेअरमनपेक्षा दहा वर्षांनी थोरले. पण ते चेअरमनसाहेब आणि माझे वडील नामा. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला राव लागतं, आबा लागतं, तात्या लागतं. आमच्या बौद्धवस्तीतल्या म्हाताऱ्याला काही लागत नाही. तो मरेपर्यंत अरेतुरेच असतो.

चेअरमननी मार्कलिस्ट वरपासून खालपर्यंत वाचली. मोठ्यानं. मराठी इतके, इतिहास इतके. इंग्रजी सव्वीस. सव्वीस दोनदा वाचलं, मागच्या माणसांना ऐकू आलं नसेल म्हणून. मग पाकिटातून दुसरा कागद काढला. माझा स्कॉलरशिपचा फॉर्म. वडिलांचा अंगठा राहिला होता म्हणून कॉलेजनं परत पाठवलेला. त्यात सगळंच असतं. जात, घरातली माणसं, उत्पन्न, वडिलांचा व्यवसाय.

"वडिलांचा व्यवसाय," असं म्हणून ते थांबले. चष्मा पुसला. "शेती व दुग्धव्यवसाय."

ओळ हसली. कुणीतरी म्हणालं, "एका जर्शीवर?" दुसरा म्हणाला, "आता नामदेवशेठ म्हना की."

ते मी लिहिलं होतं. 'मजुरी' लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं. दीड एकर होतं, गाय होती, खोटं काय होतं त्यात? वडिलांना मी ते सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सरकार शिकवतंय तरी ही तऱ्हा," चेअरमन म्हणाले. "दे लगीन करून. कशाला एसटीला भार?"

वडिलांनी किटली खाली ठेवली, दोन्ही हातांनी कागद घेतले. हात जोडल्यासारखेच दिसत होते. मग आमचं दूध मोजून घेतलं. दूध घ्यायला कुणाची ना नव्हती. ते टाकीत ओतलं की कुणाचं ते कळत नाही, आणि प्यायचं पुण्याच्या लोकांनी.

आता हे कागद त्यांच्या मांडीवर आले कसे, ते सांगते. कॉलेजच्या ऑफिसची पद्धतच होती तशी. गावोगावच्या पोरांचे कागद एकेका पाकिटात भरायचे, वर गावाचं नाव घालायचं, आणि त्या गावचा कुणी मोठा माणूस कामाला आला की त्याच्या हातात द्यायचं. मार्कलिस्ट, फॉर्म, गैरहजेरीची पत्रं, सगळं. आमच्या गावाचं पाकीट चेअरमन न्यायचे. त्यांची जीप होती. कॉलेजच्या बांधकामाला त्यांच्या भट्टीच्या विटा गेल्या होत्या. ऑफिसात शिरले की चहा यायचा. गाव म्हणायचं, बघा, साहेब गावासाठी एवढं करत्यात. आणि मीसुद्धा तोवर तसंच म्हणत होते. माझ्या मूर्खपणाचं मला अजून नवल वाटतं.

गावातली सहा पोरं होती आमच्या वर्षाला. त्या सकाळी पाच जणांचं वाचलं. सहावा त्यांचा स्वतःचा पोरगा, विजू. त्याचा कागद पाकिटात नव्हता. तो आधीच खिशात गेला होता. चाळीस माणसांतल्या एकानंही विचारलं नाही, साहेब, विजूचं काय झालं म्हणून. घरी आल्यावर आई म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून." तेही घरात, दार लावून. ओट्यावर म्हणायची तिचीही टाप नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून वडील डेअरीवर जाईनात. किटली आई न्यायला लागली. आठ दिवसांत मामा आला. इंदापूरकडचं स्थळ घेऊन आला. मुलगा गवंडीकाम करतो, दारू पीत नाही, एवढं कौतुक. वडील म्हणाले, "बास झालं आता शिक्षान."

मी म्हटलं, "एक वर्ष द्या. दुसऱ्या वर्षाला बसायला येतं मला. त्याच्याबरोबर इंग्रजी सोडवते. न्हाय सुटलं तर मामा म्हनंल तितं."

वडील म्हणाले, "नापास झालीस त्याचं काय न्हाय, पोरी. जगात मानसं नापास हुत्यात. पन मला त्या ओळीत परत तसं उभं ऱ्हायचं न्हाय."

त्या वाक्यानं माझं डोकं ठिकाणावर आलं. तोवर मी सव्वीस मार्कांना रडत होते. इंग्रजीला शिव्या घालत होते, स्वतःला घालत होते. सव्वीस मार्क माझे होते, ते मी भोगलेही असते. पण माझा कागद माझ्याआधी त्या ओट्यावर गेलाच का? कुणी नेला? कुणी दिला? मामाला मी वर्षाची मुदत मागून घेतली आणि त्या वर्षात दोन कामं करायचं ठरवलं. एक इंग्रजी. दुसरं पाकीट.

वर्षाच्या शेवटी मी प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला. माझी गुणपत्रिका व इतर कागदपत्रे फक्त माझ्या हाती द्यावीत. तीन ओळींचा अर्ज. ऑफिसात सगळे ज्यांना भाऊसाहेब म्हणायचे ते हेडक्लार्क तो वाचून हसायला लागले.

"काय सोनं हाय गं तुझ्या मार्कलिस्टीत?"

मी म्हटलं, "सोनं असतं तर तुमी असं कुनाच्याबी हातात दिलं असतं का?"

हसणं थांबलं. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. प्राचार्य व्हरांड्यात भेटले तेव्हा म्हणाले, "अगं, तुमच्याच गावची मोठी माणसं आहेत. पोस्टाचा खर्च वाचतो. यात वाईट वाटायचं काय?" त्यांच्या पोरीची मार्कलिस्ट कुठल्या डेअरीवर वाचतात, ते विचारायचं राहून गेलं.

निकालाच्या आठवड्यात मी रोज ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहायचे. तिसऱ्या दिवशी जीप आली. विजू चालवत होता. चेअरमन आत जाऊन बसले, चहा आला. भाऊसाहेब आमच्या गावाचं पाकीट सुतळीनं बांधत होते. खिडकीशी पंचवीस-तीस पोरं दाटलेली. मी त्यांच्यातून आत शिरले.

"भाऊसाहेब, माझी मार्कलिस्ट द्या."

"बांधलं आता. गावात मिळंल."

"सोडा."

"काय म्हनलीस?"

"गाठ सोडा म्हनलं."

चेअरमननी बशीतून मान वर केली. "ए पोरी, सकाळी डेअरीवर ये. तितं बघू. बापालाबी आन."

बापालाबी आन. वर्षभर मी ओट्यावरचं ते हसणं उशाला घेऊन झोपले होते. मी टेबलावरचं पाकीट उचललं. सुतळी सुटेना, दातानं तोडली. भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. सगळ्यात वर विजूची मार्कलिस्ट होती. वरच ठेवलेली, साहेबांना वेगळी काढायला सोपी जावी म्हणून. तीन विषयांखाली तांबडी रेघ.

मी काय बघतेय ते चेअरमनला कळलं. कप बशीत आपटला. ते उठले.

"पोरी," ते म्हणाले. आता हाक एकदम मऊ झाली होती. "ठेव बाई ती खाली."

"वाचू का?" मी विचारलं.

खिडकीतल्या पोरांचा गलबला थांबला.

"विषयवार वाचते. तांबड्या रेघेवरचे आकडे दोनदा वाचते. मागच्यांना ऐकू याया पायजे."

"नको."

"काय?"

"नको म्हनलं ना."

"माझ्या बापाला इचारलं हुतं का तुमी?"

खरं सांगते, माझी जीभ वळवळत होती. वाचायचंच होतं मला. त्या माणसाला त्याच्याच पोराच्या मार्कांनी सगळ्यांसमोर नागवं करायचं होतं, आणि ते मला गोड लागलं असतं. मी मार्कलिस्ट तोंडासमोर धरलीसुद्धा. तेवढ्यात दारात विजू दिसला, जीपची किल्ली हातात. त्याची मान खाली गेली होती. त्याची दया आली असं नाही. त्यानंही त्या सकाळी ओट्यामागं उभं राहून सगळं ऐकलं होतं, आणि हसला नव्हता एवढंच. पण माझ्या ध्यानात आलं, की आता मी वाचलं तर ओट्यावरच्या खुर्चीत फक्त माणूस बदलेल. मला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. ती मोडायची होती.

मी विजूची मार्कलिस्ट घडी घालून विजूच्या हातात दिली. त्याच्या बापानं हात पुढं केला होता, त्याच्या हातात नाही. माझी काढली, न बघता दप्तरात टाकली. उरलेल्या चार भाऊसाहेबांसमोर पालथ्या ठेवल्या. म्हटलं, "ज्याची त्याला द्या. सही घेऊन द्या."

मला प्राचार्यांकडं नेलं. ते म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, कशाची? ते म्हणाले, तुझ्या दाखल्यावर शेरा मारीन. मी म्हटलं, "मारा सर. पन तो शेरा पाकिटात घालून गावाला धाडू नका." त्यांनी शेरा मारला की नाही कुणास ठाऊक. माफी मी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी डेअरीनं आमचं दूध परत केलं. म्हणे पाणी आहे त्यात. वडिलांनी किटली सायकलला अडकवली आणि चार किलोमीटरवर फाट्याला गेले. तिथं एमआयडीसीतल्या कारखान्याची गाडी दूध घ्यायला थांबायची. पाऊस असो, चिखल असो, पुढची सहा वर्षं त्यांनी तेच केलं. गावातल्या एकानंही डेअरीवर आमच्या बाजूनं तोंड उघडलं नाही. ज्या चार जणांचे कागद मी पालथे ठेवले, त्यांच्या बापांनीही नाही.

पण पाकीट फोडलं त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा वडील गोठ्यात घास कापत होते. त्यांनी विळा थांबवला.

"वाचलं का कुनी?"

"न्हाय. कुनीच न्हाय वाचलं. मीबी अजून न्हाय."

तिथंच गव्हाणीवर बसून मी ती उघडली. त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्यांना हळू आवाजात एकेक विषय वाचून दाखवला. इंग्रजीही. ते काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं, गावाला नाही. आठ दिवसांनी मामा आला आणि चहा न घेता परत गेला. जूनमध्ये मी परत कॉलेजात होते.

पुढं काही वर्षांनी मी इंदापूरला एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. कपाटाची किल्ली माझ्याकडं असते. सरपंच येतात, कारखान्याचे डायरेक्टर येतात, मुलगी बघायला आलेली सोयरी येतात. "मॅडम, जरा त्या पोरीची फाइल दाखवा की, घरचीच हाय." मी म्हणते, पोरीला पाठवा. काही शिव्या देतात. एकानं माझी जात काढली. एकानं बदलीची धमकी दिली. फाइल कुणाला मिळाली नाही. जोवर किल्ली माझ्याकडं आहे तोवर मिळणारही नाही.

आमच्या ऑफिसातल्या बाईंना हे सगळं एकदा सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलंच, "मग इंग्रजी सुटलं का हो? सुटलंच असणार, नाहीतर नोकरी कशी?" मी म्हटलं, बाई, ही नोकरी बारावी आणि टायपिंगवर पण लागते.

तुम्हीही तेच विचारणार. इतकं वाचलंत, हक्क वाटत असेल. मला माहीत आहे किती पडले ते. माझ्या वडिलांना माहीत होतं. तिसऱ्या माणसाला मी ते सांगणार नाही.