तो सेल मी भरला होता

हे घरी माहीत नाही. बायकोला नाही, मित्रांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. पण आज सांगतो.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी बॅटरीचे सेल भरायचो. काम चोख, हात साफ — असं सगळे म्हणायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. लॅब सांभाळायच्या कविता मॅडम. उल्हासनगरच्या सिंधी, मराठी आपल्यासारखंच बोलायच्या, फक्त मध्येच 'साईं' यायचं. त्या आयनिक लिक्विडच्या मागे लागल्या होत्या. म्हणजे मीठच ते, पण न तापवताही वितळलेलं राहणारं. लिथियम बॅटरीतलं नेहमीचं द्रावण पेट घेतं, हे घेत नाही. त्यांच्या गल्लीत चार्जिंगला लावलेली एक स्कूटर जळाली होती, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मालक वैतागायचा. पण त्या ऐकतात कुठे?

अडचण एकच. ते काकवीसारखं घट्ट. सेलच्या आतल्या पातळ पडद्यात मुरायला वेळ घेतं — गरम ठेवायचं आणि वाट बघायची. "साईं, याला घाई चालत नाही," असं मला सारखं बजावायच्या.

बाहेरून पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायचा सेल माझ्याकडे होता. आणि आदल्याच संध्याकाळी बदलापूरच्या मांजर्लीला आमच्या टीमची फायनल. टेनिस बॉलची, अंडरआर्म. मी ओपनर. हसताय ना? हसा. लिक्विड मुरता मुरेना. कपाटात त्या नेहमीच्या द्रावणातलं सॉल्व्हंट होतं. जरा पातळ केलं तर काय बिघडतंय? — असं मनाशी म्हणालो आणि जरा नाही, चांगलं सढळ हाताने घातलं. झटक्यात मुरलं. सेल सील केला, बदलापूरला वेळेत पोचलो. मॅच जिंकलो, तेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मॅडमनी सेल कापला. आतला ओला पडदा चिमट्यात धरला आणि लायटर लावला. लावताना हसत होत्या, इतकी खात्री.

पडदा भपकन पेटला.

मालकाने नुसतं मॅडमकडे बघितलं. मी तिथेच, त्यांच्या शेजारी. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? — पण नाही उघडलं. ते काम बंद झालं. मॅडमनी नोकरी सोडून जाण्याआधी स्वतःचं सगळं पुन्हा पुन्हा तपासलं, मला एका शब्दाने विचारलं नाही. सुटलो बुवा, असं वाटलं मला तेव्हा. हो, बरं वाटलं होतं. ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

गेल्या दिवाळीच्या आधी मुलाला जीन्स घ्यायला उल्हासनगरला गेलो. गल्ल्यावर मॅडम. भावाचं दुकान. केस पिकलेत. लॅबचं काम त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. मला बघून इतक्या खूश झाल्या — चहा मागवला. मुलाला म्हणाल्या, "तुझ्या बाबांसारखा साफ हात मी कुणाचा पाहिला नाही." तो माझ्याकडे बघत राहिला.

मग मला हळूच म्हणाल्या, "तू भरलेला सेल होता ना, म्हणून तर मला कळलं. तुझी चूक होणार नाही. म्हणजे माझं लिक्विडच खोटं. नाहीतर साईं, मी अजून त्यातच अडकून बसले असते."

मी मान हलवली — हो म्हणून. आणि चहा प्यायलो.